तेलाने चेहरा धुणं: तीन आठवडे झाले, पुढे जाऊ की थांबू?

टेकडीवरची | ८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या मध्यापासून मी फेसवॉश बंद केलाय आणि रोज रात्री तेलाने चेहरा धुतेय. तेल लावून मग साबणाने काढते असं नाही, साबणाच्या जागीच तेल.

थंडी पडली की माझे गाल ओढल्यासारखे होतात. तोंड धुऊन टॉवेल खाली ठेवायच्या आत हसले तरी ताण बसतो, ओठांच्या कडेला पापुद्रे निघतात. कपाळ आणि नाक मात्र दुपारपर्यंत तेलकट. त्यात रोज कोथरूड ते हिंजवडी दुचाकीवर, त्यामुळे सनस्क्रीन जाड थराने लावते. त्यातलं झिंक ऑक्साइडचं पांढरं दोनदा फेसवॉश करूनही भुवयांत उरायचं.

कृती अशी: घाण्याचं खोबरेल तीन वाटे, एरंडेल एक वाटा. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हाताने अर्धा चमचा तेल, दीडदोन मिनिटं हलक्या हाताने फिरवायचं. जुन्या पंच्याचा तुकडा गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, चेहऱ्यावर धरायचा, वाफ निवली की पुसायचं. असं तीन वेळा.

गाल आठवड्याभरात मऊ झाले. सनस्क्रीन पहिल्याच दिवशी पूर्ण निघालं, पंचा पांढरा झाला. पण दहाव्या दिवसापासून कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्यात आणि वाढतायत. जिथे बघावं तिथे लिहिलंय की पहिला महिना आतली घाण बाहेर पडते, धीर धरा. हे खरं आहे का? की मला तेलच नडतंय? गाल इतके सुधारलेत की सोडवत नाही.

सातवीण | रात्री ९:५२

मलाही हेच करायचं होतं आणि धीर होत नव्हता. रुमाल टाकून बसते.

ओलीमाती | रात्री १०:१५

मला हे पटत नाही. तेल लावणं आणि तेलाने धुणं यात फरक आहे. आपल्याकडे तेल लावलं की त्यावर डाळीचं पीठ किंवा उटणं असतंच. ते पीठ तेल शोषून घेतं, मळ सोडवतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. माझ्या आजीने कधी नुसतं तेल पुसून चेहरा धुतला असं म्हटलं नाही. तुम्ही अर्धीच कृती करताय आणि उरलेलं अर्धं तेल रात्रभर कपाळावर ठेवताय. पुटकुळ्या त्याच्याच असणार. हे माझं वैयक्तिक मत.

रानजाई | रात्री ११:०३

ओलीमाती, निम्मं बरोबर आहे. निम्म्यावर थोडं लिहिते, मी रसायनशास्त्र शिकवते.

त्वचेवरचा तेलकटपणा म्हणजे सीबम. त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखी एस्टर, स्क्वालीन आणि सुटी मेदाम्लं असतात. यातलं काहीच नुसत्या पाण्यात विरघळत नाही, दुसऱ्या तेलात मात्र सहज विरघळतं. पाण्यात टिकणारं सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक यांचंही तेच. म्हणून टेकडीवरचीचा पंचा पहिल्या दिवशी पांढरा झाला, त्यात चमत्कार काही नाही.

साबण तेल काढतो, पण साबणाच्या पाण्याचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५. रोज दोनदा साबण लावला की त्वचेचा आम्लधर्मी थर पुन्हा पुन्हा बिघडतो. ओढल्यासारखं वाटणं त्याचंच. आणखी एक, तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे का? जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका होतो, बादलीला बसतो तोच. तो चेहऱ्यावरही बसतो. माझ्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की निम्म्या बायका कोरड्या त्वचेची तक्रार करतात.

मात्र हे सगळं 'काढण्या'पुरतं. शुद्ध तेल पाण्याने धुतलं जात नाही. ते काढायला कापड, पीठ किंवा सौम्य क्लेन्झर लागतोच. ओलीमातींची आजी तिथे शंभर टक्के बरोबर.

वेंगुर्ल्याचो_वारो | ९ जानेवारी, सकाळी ७:२०

माझे बाबा दशावतारात काम करत. जत्रेच्या हंगामात रोज नवं गाव. दशावतारात रंगवायला वेगळा माणूस नसतो, प्रत्येक जण आरसा समोर घेऊन आपलं तोंड आपणच रंगवतो. बाबा रात्रभर नाचून पहाटे घरी येत तेव्हा घामाने अर्धा रंग गळ्यापर्यंत ओघळलेला असायचा. आई खोबरेलाची वाटी पुढे ठेवायची. बाबा दोन्ही तळव्यांवर तेल घेऊन तोंडभर फिरवायचे, रंग तेलात मिसळून सगळा तपकिरी चिखल व्हायचा, मग जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायचे. त्यानंतर न्हाणीत जाऊन पाणी. मी लहानपणी एकदा उलटं केलं, शाळेच्या नाटकातला रंग आधी पाण्याने काढायला गेलो आणि तोंडभर फासून घेतला. बाबा म्हणाले, "पयला तेल, मगे पाणी." ते वाक्य अजून कानात आहे.

बाबांचा चेहरा सत्तरीतही नितळ होता. पण ते तेल तोंडावर ठेवत नसत, हे ओलीमातींचं खरं.

सातवीण | सकाळी ७:४५

किती सुंदर लिहिलंत. तो तपकिरी चिखल डोळ्यांसमोर उभा राहिला.

निरगुडी | सकाळी १०:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही, पण काही प्रश्न विचारते, कारण उत्तर त्यात आहे.

१. पुटकुळ्या सगळ्या एकाच आकाराच्या आहेत की लहान-मोठ्या? २. खाज येते का, विशेषतः घाम आल्यावर? ३. मध्ये काळे-पांढरे ठिपके दिसतात का? ४. डोक्याला तेल लावता का, आणि कोंडा आहे का? ५. हेल्मेट किती वेळ असतं?

'घाण बाहेर पडते' याबद्दल मात्र आत्ताच सांगते. त्वचेच्या आत साठलेली घाण नावाची गोष्ट नाही. रेटिनॉइडसारखी औषधं पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे आधीच तयार होत असलेल्या पुळ्या लवकर वर येतात, तेवढ्यापुरता हा शब्द खरा आहे. तेल असं काही करत नाही. तेल सुरू केल्यावर नव्या जागी, वाढत जाणाऱ्या पुळ्या येत असतील तर ती वाट बघायची वेळ नव्हे. 'धीर धरा' या सल्ल्यापायी महिनोन्‌महिने त्रास काढून आलेल्या मुली मी बघते आणि वाईट वाटतं.

करडईचं_शेत | सकाळी ११:१०

आमचा सोलापूर जिल्ह्यात लाकडी घाणा आहे. दोन शब्द तेलाबद्दल.

घाण्याचं तेल म्हणजे आपोआप चेहऱ्याला चांगलं, असं समजू नका. ताजं घाण्याचं तेल गढूळ असतं, त्यात पेंडीचे कण असतात. आम्ही काही दिवस निवळू देतो आणि मग कापडातून गाळतो. घाई करणारे तसंच बाटलीत भरतात. खायला चालतं, चेहऱ्यावर ते कण कशाला? बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तर वरचंच घ्या.

दुसरं, करडई आणि सूर्यफुलाचं तेल पातळ आणि हलकं, पण हवा-उजेड लागला की लवकर खवट होतं. चेहऱ्यासाठी शंभर मिलिपेक्षा जास्त घेऊ नका, काळ्या काचेच्या बाटलीत आणि गॅसपासून लांब ठेवा. खवट वास आला की फेका, फोडणीलासुद्धा वापरू नका.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत लोक आमच्याकडे तक्रार घेऊन येतात की भेसळ आहे. भेसळ नसते, थंडी असते.

पारवा | सकाळी ११:४०

फोडणी म्हटलं म्हणून सांगतो. परवा बायको चेहऱ्याला तेल लावून बाथरूममधून बाहेर आली तर आमची पाच वर्षांची म्हणाली, "आई, आता मोहरी टाकणार?" दोन दिवस घरात हाच विषय.

निरगुडी | दुपारी १:०५

पारवा, लेकीला शाबासकी, पण मोहरीचं तेल खरोखरच चेहऱ्याला लावू नका. त्यातला झणझणीतपणा ज्या द्रव्यामुळे येतो तेच त्वचेला दाह करतं. तान्ह्या बाळांनाही नको.

टेकडीवरची | दुपारी २:१५

निरगुडीताई, उत्तरं: सगळ्या एकाच आकाराच्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या. खाज येते, हेल्मेट काढल्यावर जास्तच. ठिपके नाहीत. केसांना आठवड्यातून दोनदा तेल, कोंडा थंडीत असतोच. हेल्मेट येता-जाता मिळून दोन तास.

रानजाई, पाणी टँकरचंच आहे.

शेवंती_न्यू_जर्सी | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

इकडे आठ महिने थंडी आणि घरात हीटर, माझे गाल टेकडीवरचीसारखेच. मी चार वर्षं तेलाने चेहरा धुतेय. दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही.

एक, तेलाचे टॉवेल ड्रायरमध्ये टाकू नका. माझे टॉवेल धुऊनही तेलाचा अंश उरत होता. गरम ड्रायरमधून काढून घडी घातली की आतल्या आत उष्णता वाढत जाते आणि वनस्पती तेलाचं कापड पेट घेऊ शकतं. आमच्या इमारतीच्या नियमांतच हे लिहिलंय. जवसाच्या तेलाच्या बाबतीत तर चोळामोळा करून टाकलेलं फडकंही धोक्याचं. मी आता वेगळी पातळ सुती फडकी ठेवते, वॉशिंग सोडा घालून उकळते आणि खिडकीत पसरून वाळवते.

दोन, बेसिनमध्ये तेल ओतू नका, नळी तुंबते. आधी टिश्यूने टिपायचं.

आणि बाजारात 'क्लेन्झिंग ऑइल' म्हणून मिळतं ते वेगळं. त्यात तेल-पाणी एकत्र आणणारं द्रव्य असतं, पाणी लावलं की दुधासारखं पांढरं होऊन धुतलं जातं. शू उएमुरा या जपानी रंगभूषाकाराने १९६७ साली असं तेल बाजारात आणलं. वेंगुर्ल्याच्या प्रतिसादानंतर हे आठवलं. चेहरा रंगवणाऱ्या माणसालाच तो उतरवायची गरज आधी कळते.

ओलीमाती | रात्री ८:२०

शेवंती, ही माहिती उपयोगी आहे. पण मला अजून विचारायचंय, आयुर्वेदात चेहऱ्याला रोज तेल सांगितलंय का? सगळे 'आपली परंपरा' म्हणतात म्हणून विचारते.

अंगणातला_औदुंबर | रात्री ९:००

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, वाग्भटांनी रोज अभ्यंग करावा म्हटलंय आणि लगेच पुढे 'शिरःश्रवणपादेषु तं विशेषेण शीलयेत्'. डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. चेहऱ्याचं नाव तिथे नाही. कफाचा त्रास असणारे, वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी नुकतीच झालेले आणि अजीर्ण झालेले यांनी अभ्यंग टाळावा, असंही तिथेच आहे. त्यानंतर उद्वर्तन, म्हणजे उटणं चोळणं, येतं. म्हणजे ज्यांनी परंपरा लिहून ठेवली त्यांनी सरसकट सगळ्यांना सांगितलेलं नाही. नरक चतुर्दशीला आपण तेल आणि उटणं दोन्ही लावतो, ती जोडी तोडू नये असं मला वाटतं.

ओलीमाती | रात्री ९:०६

धन्यवाद. आजी तेच म्हणायची, श्लोक माहीत नव्हता तिला.

रत्नागिरीची_राधा | रात्री ९:३०

मी मात्र चाळीस वर्षं चेहऱ्याला खोबरेल लावतेय आणि एक पुळी नाही. माझ्या आईचंही तसंच. इंटरनेटवर खोबरेलाला पाचपैकी चार गुण देऊन ते छिद्रं बुजवतं म्हणतात. मग आमची अख्खी आळी पुळ्यांनी भरायला हवी होती.

रानजाई | रात्री १०:१०

राधाताई, ते गुण कुठून आले हे सांगितलं पाहिजे. छिद्रं बुजवण्याच्या बऱ्याचशा जुन्या चाचण्या सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवर झालेल्या आहेत. ती माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूपच लवकर प्रतिक्रिया देते. त्यामुळे चार म्हणजे तुम्हाला पुळ्या येणारच असं नाही. उलट, तुम्हाला आल्या नाहीत म्हणून टेकडीवरचीला येणार नाहीत असंही नाही.

तेलातली मेदाम्लं मात्र खरोखर वेगवेगळी असतात. खोबरेलात ४५ ते ५० टक्के लॉरिक आम्ल. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक, म्हणून ते इतकं चिकट आणि घट्ट. नेहमीच्या करडईच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त लिनोलेइक. मुरुमं येणाऱ्यांच्या सीबममध्ये हेच लिनोलेइक कमी आढळतं. ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्यांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर वरचा थर कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. माणसं थोडी होती, पण ऑलिव्ह महाग म्हणून चांगलं, हा समज तरी सोडायला हरकत नाही.

एक_वाटसरू | रात्री १०:४०

पुरुष मंडळी वाचत असतील तर: दाढीत कोंडा होता, कोरडेपणा समजून दोन महिने बदाम तेल चोळलं. लाल चट्टे पडले, भुवयांपर्यंत पसरले. डॉक्टरांनी तेल बंद करून बुरशीवरचा शाम्पू दिला, दोन आठवड्यांत बरं वाटलं. कोंडा आणि कोरडेपणा वेगळा.

निरगुडी | १० जानेवारी, सकाळी ९:१५

वाटसरूंनी माझं काम सोपं केलं.

टेकडीवरची, एकसारख्या, खाजणाऱ्या, ठिपका नसलेल्या पुटकुळ्या, हेल्मेटखाली घाम आणि सोबत कोंडा. यावरून मला मॅलासिझिया या यीस्टची, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीची, शंका येते. हे यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर राहतं. त्याला मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत, ती आपल्या सीबममधून घेतं, आणि आपण वरून वनस्पती तेल दिलं की तेही चालतं. घाम, ऊब आणि तेल तिन्ही तुमच्या कपाळावर एकत्र आलेत. करडईवर गेलात तरी कपाळावर तेच होईल, म्हणून तिथे कुठलंच तेल नको. केसांचं तेलही कपाळावर ओघळू देऊ नका. रात्रभर तेल ठेवणं निदान सध्या थांबवा. हेल्मेटचं अस्तर काढून धुवा, आतून सुती टोपी घाला आणि ती रोज बदला.

गालांवर तेल चाललंय तर चालू द्या. कपाळाला साबणविरहित सौम्य क्लेन्झर. आणि कृपा करून एकदा डॉक्टरला दाखवा. माझी शंका चुकीचीही असू शकते, मुरुमाचं औषध आणि याचं औषध वेगळं आहे. मनाने स्टिरॉइडचं मलम अजिबात लावू नका, औषधाच्या दुकानात कोणी कितीही सहज दिलं तरी.

टेकडीवरची | सकाळी ९:५०

आजच वेळ घेते. खरं सांगू का, मला कोणीतरी 'चालू ठेव' म्हणावं असं वाटत होतं, म्हणूनच धागा काढला. कपाळासाठी मिळालेलं 'थांब' आता पटलंय.

मोगऱ्याची_वेणी | १३ जानेवारी, दुपारी ४:००

भोगीच्या शुभेच्छा! अवांतर: लेन्स वापरणाऱ्यांनी आधी लेन्स काढून मगच तेल लावा. मी एकदा विसरले, दोन तास सगळं धुक्यातून दिसत होतं आणि लेन्सची जोडी फेकावी लागली.

तिळाचं तेल कसं चेहऱ्याला? उद्याच्या निमित्ताने घरात ताजं आणलंय.

करडईचं_शेत | दुपारी ४:३०

कच्च्या तिळाचं असेल तर चालेल, भाजलेल्या तिळाचं नको, वास दिवसभर जात नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. तिळाची ॲलर्जी असणारी माणसं असतात.

टेकडीवरची | २० फेब्रुवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, कारण काय झालं ते सांगायला हवं.

डॉक्टरांनी कपाळावरचं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. निरगुडीताईंची शंका बरोबर निघाली. औषध तीन आठवडे दिलं, डोक्यालाही बुरशीवरचा शाम्पू. कपाळ आता साफ आहे, दोन-तीन डाग राहिलेत.

तेल सोडलेलं नाही, पण पद्धत बदलली. एरंडेल पूर्ण बंद, ते काढायला पंचा इतका घासावा लागायचा की गाल लाल व्हायचे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता करडईचं तेल पाव चमचा, फक्त गाल, हनुवटी आणि डोळ्यांभोवती, तेही ज्या दिवशी सनस्क्रीन लावलं त्याच दिवशी. फडक्याने पुसते आणि मग सगळ्या चेहऱ्याला साबणविरहित क्लेन्झर, एकदाच. भुवयांत सनस्क्रीन उरतं तिथे बोटाच्या टोकाने थेंबभर तेल लावून लगेच पुसते. सकाळी नुसतं पाणी. रविवारी मसुराच्या डाळीचं पीठ, ओलीमातींच्या आजीसाठी.

गाल ओढत नाहीत. या थंडीत ओठांच्या कडेला पापुद्रा आला नाही, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

ओलीमाती | रात्री ९:४०

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. पीठ चाळून घे, मसूर भरड राहिली तर ओरखडते.

सातवीण | रात्री ९:५५

मी उद्यापासून सुरू करतेय. माझ्या कपाळावर कोंडा नाही, पण सुरुवात गालांपासूनच करीन. फडकी किती लागतात?

टेकडीवरची | रात्री १०:०२

आठवड्याला सात. रोज एक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वापरायचं नाही. जुना पंचा फाडलास तर दोन पंच्यांत होतात. शनिवारी शेवंतीने सांगितल्यासारखी सोडा घालून उकळते आणि गच्चीवर उन्हात टाकते.